गोठ्याचे दार आणि शेजारधर्म

नागपूरच्या सेमिनरी हिल्स ह्या टेकडीस तिचे नाव सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले, हे शहरातील नव्या पिढीस फारसे ठाऊक नसते. ह्याच टेकडीवर आम्ही तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान शिकलो. तेथेच १९५८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सायंकाळी फिरावयास निघालो की त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी वाटेत भेटत. त्यांचा अभ्यास जनावरांच्या शरीराचा आणि आमचा मनुष्याच्या आत्म्याचा; ह्या दोन विद्यांचा एकमेकींशी काही संबंध येईल असे त्या वयात आम्हांस कधी वाटले नाही.

मार्च २०२४ मध्ये ही टेकडी अकस्मात वर्तमानपत्रांत झळकली. तेथील शासनाच्या प्रादेशिक अंडी उबवणी केंद्रातील कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि रोग बर्ड फ्लूचा असल्याचे निश्चित झाले. मग कायद्याने ठरवून दिलेले सारे क्रमाने घडले. केंद्रातील उरलेल्या ८ हजारांहून अधिक कोंबड्या मारून पुरण्यात आल्या, १६ हजारांहून अधिक अंडी नष्ट करण्यात आली आणि भोवतालचा परिसर बाधित क्षेत्र ठरला. येथे कोंबड्यांचा मालक शासन आणि त्या मारण्याचा आदेश देणारेही शासनच, म्हणून फारशी कुरकुर झाली नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका गृहस्थाने आम्हांस अडवून विचारले, "फादर, सरकारच्या कोंबड्या सरकारने मारल्या, ते त्यांचे त्यांनी पाहावे. पण उद्या माझ्या अंगणातल्या चार कोंबड्या चांगल्या धडधाकट असताना कोणी अधिकारी दारात येऊन मारून टाकील, तर तो न्याय म्हणायचा की चोरी?"

आम्ही त्यांना तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आमचे आम्हांसच अपुरे वाटले. म्हणून हा लेख.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय राज्यघटनेने जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध हा राज्यांचा विषय मानला आहे. परंतु एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू न देणे हा केंद्र आणि राज्ये ह्या दोहोंचा विषय आहे. त्या आधारावर संसदेने 'प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९' हा कायदा केला. त्याची सुरुवात अधिकाऱ्याच्या अधिकारापासून होत नाही, तर मालकाच्या कर्तव्यापासून होते, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. आपल्या जनावरास अनुसूचीतील रोग झाला असावा असे वाटण्यास कारण असेल, तर त्याची वर्दी गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस देणे आणि ते जनावर इतरांपासून वेगळे बांधणे हे मालकावर बंधनकारक आहे. त्यानंतर अधिकार येतात. शासन एखादा प्रदेश नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. तेथून जनावरे हलविणे, बाजार भरविणे, जत्रेत जनावरे नेणे थांबवू शकते. कायद्याचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी सक्षम अधिकारी कोणत्याही जमिनीवर, इमारतीत किंवा वाहनात शिरून तपासणी करू शकतो. आणि रोगाचा फैलाव थांबविण्यासाठी आवश्यक वाटल्यास पशुवैद्य लेखी आदेश देऊन बाधित जनावरास मरण देऊ शकतो. मेलेले जनावर नदीत किंवा तलावात टाकणे हा स्वतंत्र अपराध आहे.

अधिकार एवढे मोठे. शिक्षा मात्र अगदी लहान. २००९ मध्ये कायदा झाला तेव्हा पहिल्या अपराधास एक हजार रुपयांपर्यंत दंड, एवढीच तरतूद होती. ज्या शेतकऱ्याचा बैल कित्येक हजारांचा आहे, त्याला हजार रुपयांचे भय ते काय? म्हणजे हा कायदा दंडाच्या बळावर उभा नाही. तो उभा आहे शेतकऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर. ती बुद्धी मूक राहिली तर गावोगावच्या अंधाऱ्या गोठ्यांत कोणता अधिकारी किती वेळ डोकावणार?

मराठी माणसाच्या मनात दारात आलेल्या तपासनिसाविषयी एक जुनी अढी आहे आणि ती निराधार नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली असता घराघरांत शिरून झडती घेणारे गोरे सोजीर, देवघरापर्यंत पोहोचलेले त्यांचे बूट, अंगणात उभ्या केलेल्या स्त्रिया ह्यांच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड ह्याच्यावर गोळी झाडली. हत्येचे समर्थन आम्ही करू शकत नाही. परंतु साथ रोखण्याचा हेतू योग्य असूनही ती रोखण्याची रीत माणसाचा अवमान करणारी असेल, तर लोक रोगापेक्षा अधिकाऱ्यालाच अधिक भितात आणि रोगी लपवितात, हा धडा त्या घटनेने कायमचा घालून दिला.

ह्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, घोड्यांना होणाऱ्या आणि माणसालाही जडू शकणाऱ्या ग्लँडर्स ह्या रोगाविषयी एक कायदा झाला. निरीक्षकास कोणत्याही शेतात किंवा इमारतीत शिरून रोगी घोडा शोधण्याचा अधिकार त्यात होता. पण त्याच कायद्यात असेही एक कलम होते की, निरीक्षकाने विनाकारण, केवळ त्रास देण्यासाठी कोणाच्या जागेत प्रवेश केला किंवा झडती घेतली, तर तोच शिक्षेस पात्र ठरेल. परक्या सत्तेनेदेखील एवढे ओळखले होते की, दार उघडावयाची सक्ती करणाऱ्यावरही काही बंधन असावयास हवे. तो जुना कायदा २००९ च्या कायद्याने रद्द झाला. परंतु त्या कलमामागील विचार जुना झाला आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता दुसरी बाजू. हे अधिकार मुळात हवेत कशाला? कारण रोगाला कुंपण कळत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीस 'बुळकांडी' ह्या शब्दाने कापरे भरत असे. एकदा ती गावात शिरली की काही दिवसांत दावणी रिकाम्या होत आणि पेरणीला बैल उरत नसत. जनावरांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथून लस आली. पण लस कुपीत असून भागत नाही, ती गोठ्यापर्यंत जावी लागते. लसीकरण करणारे गावोगाव हिंडले, संशयित जनावरे शोधली गेली, वाहतुकीवर नजर राहिली. भारतातील बुळकांडीची शेवटची नोंद १९९५ ची आहे. २००६ मध्ये देश ह्या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जगच मुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर मनुष्याने पृथ्वीवरून समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग. प्रत्येक मालकाने 'माझा गोठा, माझी मर्जी' असे म्हटले असते, तर हे कधीही घडले नसते.

बर्ड फ्लूची कथा आपल्या राज्यातच सुरू झाली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक जाहीर झाला. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा प्रारंभी ती नेहमीची मानमोडीच असावी असे समजले गेले होते. तीन किलोमीटरच्या परिघातील लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात रोग जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, परसातल्या कोंबड्यांत आढळला. मोठ्या पोल्ट्रीच्या फाटकातून आत जाणे वेगळे आणि दोन-चार कोंबड्या बाळगणाऱ्या बाईच्या अंगणात जाणे वेगळे. त्या कोंबड्या म्हणजे तिची बचतपेटी. पोराच्या पुस्तकांना पैसे कमी पडले की त्यांतली एक बाजारात जाते. आणि हे लोण केवळ पाखरांपुरते राहत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच नागपुरातील गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत कारण निघाले बर्ड फ्लू. जो विषाणू कोंबडीपासून वाघापर्यंत पोहोचतो, तो माणसाचा उंबरठा ओलांडणार नाही अशी हमी कोणी द्यावी?

एवढे लिहून झाले म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. रोग भयंकर आहे, म्हणून अधिकार रास्त आहे. परंतु आमच्या आयुष्यातील एक प्रसंग आम्हांस असे सहज सुटू देत नाही.

२०२२ साली आम्ही नागपूर जिल्ह्यातील एका खेड्यातील धर्मग्रामात होतो. पोळा नुकताच झाला होता. बैलांच्या शिंगांवरचा रंगदेखील अजून पुरता उतरला नव्हता. जळगाव जिल्ह्यातून सुरू झालेला लंपी त्वचारोग राज्यभर पसरत होता. सप्टेंबरमध्ये शासनाने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले आणि गुरांचे बाजार बंद पडले. एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क शेतकरी आम्हांस घरी घेऊन गेला. घरामागे, पऱ्हाटीच्या कुडाआड, त्याने आपला बैल बांधला होता. अंगावर गाठी, पायांना सूज, डोळ्यांतून पाणी. तो म्हणाला, "फादरजी, याच्यासाठी प्रार्थना करा. अन् कोनाले सांगू नका जी. ढोरांचा डाक्टर आला तं बैल घेऊन जाईल, मारून टाकील. मंग मी वावर कायनं वाहू?"

हा पापस्वीकार नव्हता. गुपित राखण्याचे ते पवित्र बंधन येथे आमच्यावर नव्हते. तरीही आम्ही गप्प राहिलो. गरिबाचा विश्वास मोडू नये, असे आम्ही स्वतःस सांगितले. खरे पाहता आम्हांसही नीट माहीत नव्हते. लंपी झालेल्या जनावरांना मारण्याचा कार्यक्रम राज्यात नव्हता. त्यांना वेगळे बांधावयाचे, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करावयाचा आणि भोवतालच्या निरोगी जनावरांना लस द्यावयाची, अशी पद्धत होती. लस मोफत होती. जनावर दगावल्यास गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये साहाय्य शासनाने ठरविले होते. हे सारे आम्ही एका फोनवर विचारू शकलो असतो. आम्ही विचारले नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या एका विधवा बाईची कालवड आजारली. तेव्हा मात्र आम्ही त्या शेतकऱ्याकडे गेलो, त्याला समजावले आणि त्याच्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. पशुधन विकास अधिकारी मोटारसायकलवरून एकटेच आले. सकाळपासून किती गावे फिरले होते कोण जाणे, पण दोन्ही घरांत जाताना त्यांनी आधी परवानगी विचारली, हात आणि बूट धुतले, कोणावर आवाज चढविला नाही. त्यांनी बैल वेगळा बांधण्यास सांगितले, औषधे दिली आणि गावातील उरलेल्या गुरांना लस टोचण्याची व्यवस्था केली. बैल वाचला. कालवड मेली.

ती कालवड त्या बैलामुळेच आजारली असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. माश्या साऱ्या गावात होत्या. परंतु तसे नव्हतेच, हेही आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. बाईंना यथावकाश शासकीय मदत मिळाली. पण पहिलारू कालवडीवर त्यांनी जी आशा ठेवली होती, घरात दूध येईल आणि चार पैसे हाती खेळतील, ती आशा त्या रकमेत मावणारी नव्हती. आमच्या मौनाचे मोल त्या बाईंनी दिले, आणि त्यांना ते कधी कळलेही नाही. हे येथे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु हे न लिहिता ह्या विषयावर आम्ही काही उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

त्या दिवसांत जुन्या करारातील लेवीय हे पुस्तक आम्ही पुन्हा उघडले. भाविक मंडळी हे पुस्तक सहसा टाळतात. त्यातील चट्ट्यांचे आणि बुरशीचे नियम वाचून कंटाळा येतो. परंतु तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत पुरोहित कोण आहे? तो आरोग्य निरीक्षक आहे. घराच्या भिंतीवर चट्टा दिसला की घरमालकानेच पुरोहिताकडे जाऊन सांगावयाचे आहे. मग पुरोहित येणार, पाहणार, सात दिवस घर बंद करणार, पुन्हा येणार, गरज पडल्यास दगड काढावयास लावणार आणि रोग हटलाच नाही तर घर पाडावयास सांगणार. आजच्या कायद्यातील वर्दी, तपासणी, विलगीकरण, निर्जंतुकीकरण आणि नाश ही सारी साखळी तेथे आहे.

त्या नियमांत दोन बारकावे आहेत आणि ते आमच्या मनात घर करून राहिले. पहिला असा की, पुरोहिताने आत पाऊल टाकण्याआधी घर रिकामे करावयास सांगावे. म्हणजे आतील चीजवस्तू अकारण अशुद्ध ठरणार नाहीत. तपासणी करणाऱ्यानेच मालकाचे वाचविता येईल तेवढे वाचवावे, अशी ही तरतूद. दुसरा असा की, बंद करणाऱ्या पुरोहितावर परत येण्याचीही जबाबदारी आहे. रोग गेला असेल तर घर शुद्ध झाल्याचे त्यानेच जाहीर करावयाचे आहे. दाराला खूण करून निघून गेलेला आणि पुन्हा न फिरकलेला अधिकारी ह्या नियमांत बसत नाही. बाजार बंद करण्याचा आदेश तातडीने निघतो. तो उठविण्याची तातडी तेवढीच असते का, हा प्रश्न ज्याने बैल विकून मुलीची फी भरावयाची असते त्याला विचारावा.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी कायद्याची जी व्याख्या केली, तिच्यातील चार अंगे आम्ही ह्याच टेकडीवर पाठ केली होती. कायदा विवेकावर आधारलेला असावा. तो सर्वांच्या हितासाठी असावा. समाजाची काळजी ज्याच्यावर सोपविली आहे त्याने तो केलेला असावा. आणि तो लोकांना जाहीर केलेला असावा. गोठ्याच्या दारात आलेल्या अधिकाऱ्यास ही चार अंगे लावून पाहावीत. विवेक म्हणजे येथे प्रयोगशाळेचा निष्कर्ष. अफवेवरून किंवा भयापोटी जीव घेणे हे विवेकाचे लक्षण नाही. सर्वांचे हित म्हणजे शेजाऱ्याची कालवड आणि शेजाऱ्याचे मूलही. अधिकार म्हणजे कायद्याने नेमलेला पशुवैद्य. गावचा कोणी पुढारी किंवा गोंगाट करणारा जमाव ती जागा घेऊ शकत नाही. आणि जाहीर करणे म्हणजे जनावर मारण्याचा आदेश लेखी असणे, तसेच तो आदेश आणि मिळणारी मदत ही दोन्ही शेतकऱ्यास समजेल अशा भाषेत सांगणे. आमच्या त्या शेतकऱ्यापर्यंत कायद्याची धमकी अफवेच्या रूपाने पोहोचली होती. कायद्याची मदत पोहोचली नव्हती. येथे चौथे अंग लंगडे पडले. त्या लंगडेपणात गावातील सुशिक्षित माणूस म्हणून आमचाही वाटा होता.

कोणी म्हणेल, काही जीव केवळ मालमत्ता नसतात. श्रद्धेपुढे तपासनिसाने थांबावे. अशी एक गोष्ट २००७ मध्ये ब्रिटनमधील वेल्स प्रांतात घडली. तेथील स्कंद व्हेल ह्या मठातील शंबो नावाच्या बैलाच्या क्षयाच्या तपासणीत दोष आढळला. मठवासीयांनी प्रत्येक जीव पवित्र असल्याचे सांगून त्याला मारण्यास विरोध केला आणि त्याला वेगळे ठेवण्याची तयारी दर्शविली. प्रकरण न्यायालयात गेले. पहिल्या न्यायालयाने मठाच्या बाजूने कौल दिला. २३ जुलै रोजी वरच्या न्यायालयाने तो फिरविला आणि २६ जुलै रोजी, भजन चालू असताना, अधिकारी बैलाला घेऊन गेले. आम्ही त्या मठवासीयांची थट्टा करणार नाही. मनुष्याने प्राण्यास विनाकारण क्लेश देणे किंवा मारणे हे मनुष्याच्याच प्रतिष्ठेस बाधक आहे, अशी ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे. परंतु श्रद्धावंताने स्वतःस एक प्रश्न विचारावा: माझ्या श्रद्धेची किंमत मी देत आहे की माझा शेजारी? ती मी स्वतः देत असेन तर तो त्याग होय. ती मी शेजाऱ्याच्या गोठ्यावर टाकत असेन, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही.

हाच प्रश्न उलट दिशेने शासनासही विचारावयास हवा. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याच्यापाशी एकच मेंढी होती आणि पुष्कळ कळप असलेल्या धनवानाने पाहुण्यासाठी तीच कापली. तेथे अन्याय कशात आहे? साऱ्या मेजवानीचा भार एका दुबळ्यावर पडला ह्यात आहे. सर्वांच्या आरोग्यासाठी जर एकाच्या अंगणातील कोंबड्या जावयाच्या असतील, तर त्यांची किंमत सर्वांनी मिळून द्यावयास हवी. बर्ड फ्लूमध्ये मारलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी वाटून देतात, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. मात्र भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते. त्याआधी रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. ह्यामागे मालकाने लवकर वर्दी द्यावी असा हेतू आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण ज्या बाईला मानमोडी आणि बर्ड फ्लू ह्यांतील भेद कळत नाही, तिने दोन दिवस वाट पाहिली तर तिच्या हाती काय उरते? आणि २००६ मध्ये नवापुरात साथ आली तेव्हा कोंबडीचे भाव देशभर कोसळले. ज्यांच्या पोल्ट्रीत एकही पक्षी आजारी नव्हता आणि म्हणून ज्यांना भरपाईही नव्हती, असे कितीतरी लहान शेतकरी त्यात बुडाले.

म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. निरोगी कोंबडी मारणारा अधिकारी चोर नव्हे, जर धोका खरा असेल, आदेश लेखी असेल, जीव घेण्याची रीत शक्य तितकी क्लेशरहित असेल आणि नुकसानीचा भार समाज वेळेवर उचलत असेल. ह्यांपैकी शेवटची अट मोडली तर तो अधिकार कायदेशीर राहील. न्याय्य राहील असे आम्ही म्हणू शकत नाही. त्याचबरोबर रोगी जनावर लपविणारा मालक आपल्या मालमत्तेचे रक्षण करीत आहे असे म्हणता येणार नाही. तो आपले संकट न विचारता शेजाऱ्याच्या दावणीला बांधत आहे. शासनाची मदत उशिरा येते, हे लपविण्याचे कारण असू शकेल. ते लपविण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

सत्य सांगणे महाग पडते तेव्हा गरीब माणूस गप्प बसतो. ते स्वस्त करणे हे शासनाचे काम आहे आणि आपलेही आहे. ज्या कुटुंबांकडे शेळ्या, डुकरे, कोंबड्या किंवा एखादी गाय आहे, त्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर घरात लिहून ठेवावा. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी साथीच्या दिवसांत अफवा पसरविण्याऐवजी मदतीच्या योजना समजून घेऊन त्या घरोघरी सांगाव्यात. आणि ज्याच्या गोठ्यावर बंदी आली असेल, त्याला दूध, चारा किंवा उसने पैसे देण्याची तयारी शेजारच्या चार घरांनी ठेवावी. खरे बोललेला माणूस एकटा पडत नाही हे गावाने एकदा पाहिले, की पुढच्या वेळी कोणी पऱ्हाटीच्या कुडाआड बैल बांधणार नाही.

त्या शेतकऱ्यास आम्ही काही सांगितले नव्हते. कालवडीविषयी त्याच्याशी बोलण्याचा धीर आम्हांस झाला नाही. पुढच्या वर्षी, मृगाच्या आधी, आम्ही सकाळी त्या बाजूने जात होतो. त्या विधवा बाईच्या वावरात वखरणी चालली होती. बैलजोडीतील एकाच्या अंगावर गाठींचे वण दिसत होते. बाईंनी मजुरीचे विचारले तेव्हा त्याने म्हणे एवढेच उत्तर दिले, "राहू द्या वहिनी, यंदा नाही."

आम्ही बांधावरून त्याला हात केला. त्यानेही हात केला आणि बैल वळविले.